अजून एकच शिडी

डोंगर उतरणाऱ्या माणसाला कधीही "अजून किती राहिलं?" असं विचारू नये. तो खोटं बोलतो. शिखर लांब आहे हे त्याला चांगलं ठाऊक असतं, पण आपला घामेजलेला चेहरा बघून त्याच्यातला धर्मात्मा जागा होतो आणि तो म्हणतो, "आलंच की! पंधरा मिनिटं." कळसूबाईच्या पायथ्याशी मला ही पंधरा मिनिटं पहिल्यांदा मिळाली, आणि शेवटच्या शिडीखाली जीभ बाहेर काढून उभी होते तेव्हाही तीच मिळाली. मधल्या साऱ्या चढात त्यातलं एक मिनिटसुद्धा कमी झालं नव्हतं.

बेत माझ्या मैत्रिणीचा. तिला मी कॅप्टन म्हणते, कारण सोसायटीचा गणपती असो की भिशीची सहल, सगळीकडे ती पुढे चालते आणि मागे वळून "चला, चला" म्हणते. "अगं, पाऊस सरलाय, सोनकी फुललीये, हवा काय मस्त आहे! नवरात्रातल्या रविवारी कळसूबाई करू." ऑक्टोबरच्या हवेला मस्त म्हणणारी माणसं एसीतून बोलत असतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"उंच आहे ना गं फार?"

"१६४६ मीटर. फार कसलं? एव्हरेस्ट ८८४८ आहे."

म्हणजे पाच कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी एव्हरेस्ट वर शिल्लक राहतो. हा हिशेब तिनं मला धीर द्यायला सांगितला. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद असली की भाजी दोरीला टोपली बांधून वर घेते, हे तिला माहीत होतं. नवऱ्यानं मात्र मुद्द्याचा प्रश्न विचारला, "महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर? सुरुवातीलाच? एखादं बुटकं बघा ना आधी."

शनिवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलनं निघालो. कसाऱ्याहून बारी गावापर्यंत जीप. जीपचा नियम असा, की अकरा डोकी भरल्याशिवाय किल्ली फिरत नाही, आणि आम्ही नऊ होतो. "निघालोच मावशी, पाच मिनिटं," ड्रायव्हर मला म्हणाला. मग कॅप्टनकडे वळून, "ताई, तुम्ही पुढे बसा." कॅप्टन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. मी घाटभर एक शब्द बोलले नाही. तिनं घाटभर तीन वेळा केस सारखे केले.

अकोले तालुक्यातल्या बारीत पोचेतो सूर्य आमच्या आधी वर चढून बसला होता. खाचरांतला भात लोंब्यांनी वाकलेला, बांधावर पिवळी सोनकी. फोटोत अगदी सुरेख दिसतं. फोटोत ऊन लागत नाही.

पायथ्याशीही कळसूबाईचं एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणं झेपत नाही त्यांनी इथंच दर्शन घ्यावं, अशी सोय. इतका समजूतदार विचार मी कुठल्या तीर्थक्षेत्री पाहिलेला नाही. मी तिथंच ओटी भरली, नारळ ठेवला, डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "झालं की दर्शन. देवी एकच ना?"

कॅप्टननं सॅक उचलून माझ्या पाठीला लावली.

या सॅकबद्दल सांगायलाच हवं. तिच्यात तीन लिटर पाणी, इलेक्ट्रॉलची पाकिटं, चिक्की, बॅटरी, क्रेप बँडेज, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि एक छत्री होती. छत्री कशाला, तर "असू दे". वाटेत दर वळणाला निळ्या ताडपत्रीखाली ताक, लिंबू सरबत आणि तिखटमीठ लावलेली काकडी विकायला बसलेले गावकरी होते. म्हणजे जे सगळं मी पाठीवर वाहत होते ते डोंगरानं आधीच मांडून ठेवलं होतं, शिवाय थंडगार. आम्ही प्रत्येक ठिकाणी थांबलो. कॅप्टनच्या मते दमल्यामुळे, माझ्या मते स्थानिक रोजगाराला हातभार म्हणून.

मग शिड्या. लोखंडी, खडकाला ठोकलेल्या, हजारो तळहातांनी कठडे गुळगुळीत झालेले. लांबून बघताना वाटतं, पायऱ्याच तर आहेत. जवळ गेल्यावर कळतं की या पायऱ्यांना मागची बाजू नाही. दोन पावलांच्या मधून थेट दरी दिसते. नवरात्रातला रविवार, त्यामुळे रांग. माझ्या नाकासमोर एका मुलाचा बूट होता, तळाला किमतीचं स्टिकर तसंच. सतराशे नव्याण्णव. ते स्टिकर मी इतका वेळ बघितलं, की त्यावरचे बारकोडचे आकडेही पाठ झाले असते. कारण सगळ्यात वर कोणीतरी सेल्फीसाठी थांबलं होतं, आणि शिडीवर एक थांबला की खालचे वीस जण हवेत उभे राहतात.

"अजून एकच शिडी," मागून कॅप्टन म्हणाली.

ती असं प्रत्येक शिडीवर म्हणते. रांगेत माझ्यापुढे एक आजीही होत्या, नऊवारी, अनवाणी, एका हातात पूजेचं ताट. ताटातलं हळदकुंकू सांडलं नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत कठडा होता आणि तरीही माझ्यातलं सगळं सांडायच्या बेतात होतं. आजींनी वळून विचारलं, "बरं वाटत न्हाई का बाई?" मी म्हटलं, "नाही, नाही, निसर्ग बघतेय."

शेवटच्या चढाआधी एक विहीर लागते. तिथं ताक विकणाऱ्या एका बाईनं आम्हाला कळसूबाईची कथा सांगितली. पूर्वी इंदोऱ्याच्या पाटलाकडे कळसू नावाची पोर कामाला राहिली. अट घातली: बाकी सगळं करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पाटील कबूल झाला. पुढे एकदा घरी पाहुणे आले, भांडी पडली आणि तिला ती घासायला लावली. तिनं घासली. आणि तडक निघाली ती या डोंगरावर येऊन राहिली. परत गेलीच नाही.

मी ताकाचा ग्लास हातात धरून तशीच बसले. सकाळपासून हा डोंगर इतका उंच कशाला, या प्रश्नानं माझं डोकं भणभणत होतं. उत्तर साधं होतं. इथवर बोलवायला कोण येणार? टेकडीवर जाऊन बसली असती, तर संध्याकाळपर्यंत घरचं कोणीतरी "अगं, राग सोड, चहाचे कप तेवढे विसळून टाक" म्हणत पोचलं असतं. बाईनं जागा पूर्ण विचार करून निवडली होती. कॅप्टन म्हणाली, "देवीबद्दल असं बोलू नये." मी म्हटलं, "अगं, मी आज पहिल्यांदाच मनापासून हात जोडतेय."

आणि खरंच, पुढचा टप्पा मी कोणालाही वेळ न विचारता चढले.

माथा सपाट आहे, देऊळ चिमुकलं. वाकून आत जावं लागतं, आणि माझे गुडघे तोवर वाकण्याच्या पलीकडे गेल्यामुळे मी जवळजवळ लोटांगणच घातलं. मागच्यांना माझी भक्ती फार आवडली. बाहेर आलो तर वारा, आणि सगळीकडून डोंगरच डोंगर. कॅप्टननं बोट फिरवत ओळखपरेड सुरू केली. तो खाली चमकतोय तो भंडारदऱ्याचा जलाशय, १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचा, त्याच्या पलीकडे रतनगड, लांबचा हरिश्चंद्रगड, इकडे ओळीनं अलंग, मदन, कुलंग. "पुढच्या महिन्यात..." एवढं ती म्हणाली, आणि मी प्रत्येक गडाला मनोभावे नमस्कार करून नकार कळवून टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. पायथ्याला एक कांडी मिळत नव्हती, इथं चार.

"पोचलीस? छान. अगं ऐक, आज बाई आली नाहीये. सिंक भरलंय. किती वाजेपर्यंत येशील?"

मी देवळाकडे बघितलं. कॅप्टननं माझ्या हातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, आम्ही आत्ता कुठं चढायला सुरुवात करतोय." आणि बंद केला. मैत्रीण असावी तर अशी. त्या क्षणी मी तिला जीपमधली "ताई" माफ केली. सॅकमधली छत्रीही.

उतरण्याबद्दल फार लिहीत नाही. चढताना दम लागतो आणि उतरताना आपण किती वर्षांचे आहोत ते गुडघ्यागणिक कळतं, एवढंच. दुसऱ्या शिडीखाली लालबुंद चेहऱ्याची एक मुलगी भेटली. "काकू, अजून किती?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आलंच की!" मी म्हटलं. "पंधरा मिनिटं."

बारीत एका घराच्या पडवीत जेवलो. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि कांदा. माझ्या आयुष्यातल्या उत्तम जेवणांत मी ते धरते, पण त्या अवस्थेत मी ताडपत्रीसुद्धा चवीनं खाल्ली असती. जेवण झाल्यावर कॅप्टनला संस्कार आठवले. ती ताट उचलून मोरीकडे निघाली, "आमची आम्ही विसळतो हो."

घरच्या बाईनं ताट काढून घेतलं. आत आधीच तीसेक ताटांचा ढीग होता.

"राहू द्या ताई. आमच्या आईला जमलं न्हाई, म्हणून ती वर गेली. मला जमतं, म्हणून मी खाली." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तुमचं पण ताट द्या."