गणपतीच्या आत लाकडी फरशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घराचं कुठलंही काम दोनच तारखांना संपवायचं असतं: गणपतीच्या आत, आणि नाहीच जमलं तर दिवाळीच्या आत. आम्ही लाकडी फरशी बसवणारी माणसं. आमच्या कानावर "गणपतीच्या आत" हे शब्द जुलैत पडतात, बाहेर पागोळ्या धो-धो गळत असताना. मालक म्हणतात, "स्लॅब पडून दोन महिने झाले की वो! आता काय वाळायचं राहिलंय?"

बरंच राहिलेलं असतं. गवंड्यानं आळी करून त्यावर पाणी तुंबवलेलं असतं. त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं, सिमेंटला ताकद त्या पाण्यानंच येते. घोळ होतो तो 28 दिवसांच्या आकड्यानं. 28 दिवसांत काँक्रीट पिकतं, वाळत नाही. वाळण्याचा ढोबळ हिशेब असा की दर 25 मिलिमीटर जाडीला एक महिना. 100 मिमी म्हणजे चार महिने. वर 50 मिमीचा कोबा ओतला की आणखी दोन. आणि हे महिने सुक्या हवेचे धरायचे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात दोरीवरचा सदरा चार दिवस वाळत नाही, तिथं काँक्रीटनं काय म्हणून वाळावं? अथणीकडचे पाहुणे हे ऐकून हसतात. त्यांच्याकडे पाऊस बऱ्याचदा पेपरातच पडतो.

अशा वेळी घरात एक मामा असतातच. ते वाकून तळवा जमिनीला लावतात आणि जाहीर करतात, "सुकलंय." तळव्याला फक्त वरचा थर कळतो. पाणी असतं खाली. वर फळ्या बसवून वाट बंद केली की ते निवांत वर येतं आणि लाकडात मुक्काम ठोकतं.

मामांचा मान राखून करायची एक सोपी तपासणी आहे. 45 सेंटिमीटर चौरसाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर ठेवायचा, चारही कडा टेपनं घट्ट चिकटवायच्या आणि किमान 16 तास तिकडे फिरकायचं नाही. खालून थेंब धरले किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल आहे. थेंब नाही धरले, तर मात्र ओल नाही असं सिद्ध होत नाही. हे मालकांना पटवायला तपासणीपेक्षा जास्त वेळ लागतो. खरा निकाल देतो तो काँक्रीटच्या पोटातला आर्द्रतेचा प्रोब. स्लॅब एकाच बाजूनं वाळत असेल तर जाडीच्या 40 टक्के खोल भोक पाडायचं, म्हणजे 100 मिमीला 40 मिमी. आत नळी बसवून तोंड बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाचायचा. बहुतेक ठिकाणी 75 टक्क्यांची मर्यादा धरतात. तुमच्या गोंदाच्या कंपनीनं डब्यावर वेगळी लिहिली असेल तर ती पाळायची. "जुन्या टाइल्सवरच बसवा की" असाही एक सल्ला येतो. टाइल ओल अडवते, पण टाइलचे सांधे अडवत नाहीत.

आता लाकडाकडे येऊ. वखारीत प्रत्येक सागवान दांडेलीचंच असतं आणि प्रत्येक दांडेलीचं सागवान सीझन केलेलंच, म्हणजे नीट वाळवलेलंच असतं. श्रद्धेला हरकत नाही, खिशात ओलावा मोजायचा पिनवाला मीटर असावा. मीटरवर लाकडाची जात निवडा, नाहीतर तो सागाला पाइन समजून बोलत राहील. दर हजार चौरस फुटांना 40 फळ्या तरी तपासा, आणि त्या गठ्ठ्यातल्या वरच्या-वरच्या नकोत. वखारवाल्यालाही वर काय ठेवायचं ते कळतं.

लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करतं. हवेतली आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातला ओलावा 6 टक्क्यांवर स्थिरावतो, 50 ला 9, 80 ला 16. आपल्याकडे मार्चमधली दुपार पहिल्या आकड्याच्या आसपास असते आणि जुलै शेवटच्याच्याही वर. घरातली फळी दोन्ही टोकं गाठत नाही, तरी तिचा ओलावा चार टक्के सहज हलतो. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, सगळा खेळ रुंदीत. आडव्या चिरीच्या, म्हणजे वाढीची वलयं फळीच्या तोंडाला समांतर असलेल्या सागाची तीन मीटर रुंद फरशी चार टक्क्यांना सुमारे 22 मिमी पसरते. उभ्या चिरीची, म्हणजे वलयं तोंडाशी काटकोनात असलेली, 12 मिमी. ओक असेल तर सागाच्या जवळपास दुप्पट. सागाची पुण्याई ती हीच. त्याला पाणी लागतच नाही असं नाही, तो फक्त कमी नाटक करतो.

म्हणून फळ्या आणल्या की त्यांना घराची हवा लागू द्यायची. गठ्ठे सोडायचे, रिपा घालून आडव्या-उभ्या रचायच्या, आणि ज्या खोलीत बसवणार त्याच खोलीत ठेवायच्या. पोर्चमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेल्या फळीला पोर्चची सवय होते. किती दिवस ठेवायच्या? मीटरचा आकडा हलायचा थांबेपर्यंत. खोलीतलं प्लास्टर, पीओपी, रंग, टाइल्स, सगळी ओली कामं त्याआधी संपलेली हवीत. प्रत्यक्षात आम्ही फळ्या रचतो आणि शेजारच्या खोलीत गवंडी पुट्टी कालवत असतो.

बसवायचा मोसम कुठला? एप्रिलच्या कोरड्या हवेत फळ्या ठोकून घट्ट बसवल्या तर जुलैत फरशी उठते. ऑगस्टमध्ये फुगलेल्या बसवल्या तर एप्रिलमध्ये फटी. या दोन्हींच्या मधली हवा साधारण तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मिळते. गणपती आणि दिवाळी, दोन्ही हुकतात. त्यामुळे हा सल्ला फारसा लोकप्रिय नाही.

काँक्रीटवर आधी ओल अडवणारा थर: एकतर दोन हात इपॉक्सी, नाहीतर किमान 0.15 मिमी जाडीचं पॉलिथिन. जोडाला 15 सेंटिमीटर एकावर एक, वर टेप, आणि कडा भिंतीवर चढवलेल्या. त्यावर 18-19 मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, दोन तुकड्यांत 3 मिमी अंतर सोडून. फळी आणि प्लाय यांच्या ओलाव्यात अरुंद फळीला चार टक्क्यांहून जास्त फरक नको. 75 मिमी किंवा त्याहून रुंद फळीला दोन. चारही भिंतींकडे 12 ते 18 मिमी जागा मोकळी. फरशी पावसाळ्यात पसरणार, तिला जायला जागा हवी. नेमकी हीच जागा पाहून गवंड्याला कणव येते आणि आमची पाठ वळली की तो ती सिमेंटनं भरून टाकतो. ही फट स्कर्टिंगनं झाकायची, आणि स्कर्टिंगचा खिळा भिंतीत जायला हवा, फळीत नाही. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर नसेल तर ते आधी उरका. जांभा पाणी पितो आणि आत पोचवतो.

यातलं काही चुकलं की फळी बोलू लागते. खालून ओल, वर कोरडं, की फळीच्या कडा वर येतात आणि मध्ये खळगा पडतो: उताणं पडलेलं नळीचं कौल. मालक लगेच म्हणतात, "घासून सपाट करा." इथं हात जोडून नाही म्हणायचं. वर आलेल्या कडा घासल्या आणि मग खालची ओल वाळली, की त्याच कडा खाली बसतात आणि मध्य वर राहतो. आता उपडं कौल. आधी ओल कुठून येते ते शोधा: एसीच्या पाण्याचा पाइप, बाथरूमचा उंबरा, पश्चिमेच्या सरकत्या दारातून येणारी झड. मग सगळे थर वाळू द्या, मीटर हो म्हणाला की घासा. त्याला महिने लागू शकतात. फार ओल झाली तर फळ्या खालचं धरलेलं सोडून तंबू ठोकतात, तिथं घासण्याचा प्रश्नच उरत नाही.

एवढं सगळं निभावल्यावर घरात शिरते बादली. फिनेलचं पाणी ओतून खराट्यानं पिटाळल्याशिवाय घर धुतलं असं आपल्या आजीला वाटत नाही. पॉलिशचा थर फळीच्या तोंडावर असतो, सांध्यात नसतो. कापड घट्ट पिळून फिरवायचं, वाफेचा पोछा आणायचाच नाही. पावसाळ्यात एसी "ड्राय"वर चालवून खोलीतली आर्द्रता 55 च्या आत राहते का, हे भिंतीवरच्या छोट्या आर्द्रतामापकावर बघायचं.

आणि एप्रिलमध्ये फोन येतोच, "फटी पडल्यात वो!" 125 मिमीची सागाची फळी चार टक्क्यांना जवळपास एक मिलिमीटर आकसणारच. त्यात पुट्टी भरू नका. जुलैत फळी फुगते, पुट्टीला जागा राहत नाही, ती वर ढकलली जाते आणि जाताना फळ्यांच्या कडा चेपून जाते. पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी. भरायचीच हौस असेल तर मृगानंतर महिनाभर थांबा आणि मग सुताराला बोलवा. तोवर त्याला भरायला फटच सापडणार नाही, फक्त चहा पिऊन जाईल.