अधीन व्हायचं ते कोणाच्या?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या वाद पेटला आहे. काही तरुणांनी चर्चच्या आवारातल्या गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब मागितला. पुढच्याच रविवारी उपदेशातून उत्तर आलं: परमेश्वराच्या अभिषिक्तांना, म्हणजे त्याने निवडून नेमलेल्यांना, हात लावू नका. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि पंच कमिटी देवाने नेमलेली आहे, त्यांना जाब विचारणं म्हणजे देवाच्या अधिकाराविरुद्ध उभं राहणं. त्या उपदेशाचा व्हिडिओ मला इथे दुबईत मिळाला आणि वाईट वाटलं.

देवाच्या अधीन राहणं हा ख्रिस्ती जीवनाचा कणा आहे, हे मी मनापासून मानतो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोज म्हणतो. पण ही अधीनता कायम खालच्याकडूनच का मागितली जाते? सभासदाने पाळकाच्या, सुनेने सासूच्या, मजुराने मुकादमाच्या अधीन राहायचं. वरचा माणूस कोणाच्या अधीन आहे, हे कधी विचारायचंच नाही?

अभिषिक्तांना हात लावू नका, हे वचन बायबलमधल्या १०५ व्या स्तोत्रातलं आहे. त्याच्या मागच्या ओळी वाचा. संख्येने थोडे, परक्या देशात उपरे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे असे अब्राहाम, इसहाक, याकोब तिथे आहेत. त्यांच्यासाठी देव राजांना दटावतो की माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. म्हणजे हा दम सत्ताधाऱ्यांना भरलेला आहे आणि संरक्षण आहे ते परमुलखात पोट भरणाऱ्यांना. दाविदाचा दाखला देतात, तोही अर्धाच. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला त्याने मारलं नाही, हे खरं. पण शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, गुहेबाहेर येऊन तो तुकडा हातात धरला आणि माझा अपराध काय, असं राजाला तोंडावर विचारलं. जाब विचारूनही दावीद देवाच्या अधीनच राहिला.

मी इथे बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. महिनाअखेरीला ओव्हरटाइमचा तक्ता माझ्या सहीने ऑफिसात जातो. बिहार, नेपाळ, बांगलादेशातली माणसं. काहींना तक्ता वाचताही येत नाही. एका महिन्यात वरून निरोप आला, तास थोडे कमी दाखवा, प्रोजेक्टचं बजेट ओलांडतंय. परांची बांधणाऱ्या एकाच्या नावापुढे २६ तास होते, ते १८ करायचे होते. मी २६ च ठेवले आणि सही केली. त्यावरून बोलणी खावी लागली. त्या वेळी मला सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा रोमकरांसच्या पत्राचा तेरावा अध्याय नाही, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आठवत होता: कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. धन्यांनाही स्वर्गात धनी आहे, याची आठवण प्रेषित पौल कलस्सैकरांच्या पत्रात करून देतो, तीही याच अर्थाची. देवाची सत्ता मला सर्वांत जास्त जाणवते ती त्या सहीच्या रकान्यात.

या देशाचा कायदा आम्ही पाळतो, आनंदाने पाळतो. १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि तो मजुरांच्या जिवासाठी आहे. २०२१ संपेपर्यंत इथे शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून मंडळ्या शुक्रवारी उपासनेला जमत. रविवारची सुट्टी आली तरी बऱ्याच ठिकाणी शुक्रवारची उपासना चालू राहिली. दुबईच्या औद मेथा भागातलं सेंट मेरीज चर्च १९६७ मध्ये उभं राहिलं, तेही दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिलेल्या जमिनीवर. आमच्यासारख्या लहान मराठी गटाकडे ना गाळे, ना जमीन; उपासनेची खोलीसुद्धा तासाच्या बोलीवर. त्यामुळे भांडायला मालमत्ता नाही. आम्ही गावाकडच्यांपेक्षा चांगले आहोत, असा याचा अर्थ नाही. पण देवाच्या अधीन राहणं म्हणजे काय, हा प्रश्न इथे पगार, कर्ज, खोलीतला शेजारी यांच्यापाशीच येऊन थांबतो, एवढं खरं.

आपल्या नगर भागातच अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त तिथे यावेत, ही त्यांची इच्छा. त्यांना कोणी देवद्रोही म्हणेल का? त्या दरबारात मुजरा एकालाच होता.

तरुणांनीही जपून बोलावं. पाळकांच्या घरच्यांवर व्हॉट्सअपवर जे लिहिलं जातंय, ते मला मान्य नाही. पण हिशेब मागणं योग्यच आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम पाठवताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कारण प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असं त्याला वाटत होतं. येत्या वार्षिक सभेत भाड्याच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक सर्वांसमोर वाचावं, अशी लेखी विनंती मी पाळकसाहेबांना पाठवली आहे.