साखरपुडा थाटात करा, लग्नाचं नंतर बघू

शेजारच्या चार देशांना एका करारात बांधायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. आधी हॉल बघा.

पहिला प्रश्न रुसणाऱ्या सोयऱ्याचा. २०१४च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या सार्क परिषदेत मोटार वाहन करार, म्हणजे एकमेकांच्या गाड्या सीमेपलीकडे थेट जाऊ देण्याचा करार, पाकिस्तानने अडवला. अशा वेळी मनधरणी करत बसू नये, पत्रिकाच नवी छापावी. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की झालं ‘बीबीआयएन’. बारसं झालं की निम्मं काम झालं, असं वरिष्ठांना कळवून टाका.

मग साखरपुडा. १५ जून २०१५ला भूतानच्या राजधानीत, थिंफूमध्ये चार देशांच्या वाहतूक मंत्र्यांनी सह्या केल्या. आपले नागपूरचे गडकरीही होते. पुढच्या कामासाठी मुदत ठरली जुलै ते डिसेंबर. सहा महिने म्हणावं, नेहमी सहाच. आमच्या सोसायटीचा लिफ्टवालाही सहाच म्हणतो.

मुलीकडच्यांना विचारलंय का, असले प्रश्न सहीच्या दिवशी काढू नयेत. ते अपशकुनी दिसतं. भूतानच्या संसदेत दोन सभागृहं आहेत. खालच्यात पक्ष असतात, सरकारचं बहुमत असतं, तिथे होकार मिळतो. वरचं राष्ट्रीय परिषद नावाचं सभागृह २५ जणांचं, आणि त्यात पक्षच नाहीत. म्हणजे व्हिप काढायचा तर कोणाच्या नावाने? २०१६च्या नोव्हेंबरात या मंडळींनी करार फेटाळला.

कारणं ऐकून घ्या, पण चेहरा सहानुभूतीचा ठेवा. ज्या देशाच्या राजधानीत ट्रॅफिक सिग्नल नाही, चौकातला पोलीस हातवारे करून गाड्या वळवतो, ज्याच्या राज्यघटनेतच ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली हवी असं लिहिलंय, त्याला शेजाऱ्यांच्या ट्रकांची भीती वाटते. शिवाय त्यांचे स्वतःचे ट्रकवाले धंदा जाईल म्हणून धास्तावलेले. हे सगळं सहीच्या आधी समजून घेता आलं असतं, पण मग सही कधी झाली असती?

२०१७च्या एप्रिलमध्ये भूतानने सांगून टाकलं, तुम्ही तिघं पुढे व्हा, आमचं जमेल तेव्हा बघू. इथे खचायचं नाही. मार्च २०२२मध्ये दिल्लीत बसून भारत, बांगलादेश आणि नेपाळने भूतानला वगळून पुढे जाण्यासाठी सामंजस्य कराराचा मसुदा पक्का केला. कराराची अंमलबजावणी करण्यासाठी करार! ही युक्ती वहीत लिहून ठेवा, पेन्शनपर्यंत पुरते.

मधल्या काळात ‘चाचणी फेरी’ काढत राहा. २०१५च्या नोव्हेंबरात कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरताळ्याला एक ट्रक सोडला होता. भारतातूनच जाणारा सिलिगुडीचा लांबचा वळसा वाचला, झेंडे फडकले, हार घातले. दुसऱ्या ट्रकचं काय, हे विचारणाऱ्याला चहा पाजा.

फक्त बांगलादेशच्या सीमेवर, पेट्रापोलला जाऊ नका. तिथे नाशिकचा कांदा घेऊन आलेला ट्रक रांगेत उभा असतो. पलीकडे बेनापोलच्या यार्डात गेला की गोणी हमालांच्या पाठीवरून उतरतात आणि बांगलादेशी ट्रकमध्ये चढतात. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन परत. गेलातच, तर त्याला थिंफूचा फोटो दाखवू नका. तो एकेका मंत्र्यावर बोट ठेवून विचारेल, “साहेब, यातला गेट उघडणारा कोणता?”