वायरीला ऊन लागतं म्हणे!

परवापासून गल्लीत मी 'वायरीचे सर' झालोय.

उंदरांनी प्लॅस्टिकची पट्टी कुरतडली, म्हणून वरच्या पत्र्याच्या खोलीसाठी लोखंडी पाईपातून वायरिंग करायला काढलं. वायरमननं एसी, गीझर आणि मोटार, तिन्हीच्या अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरी एकाच पाईपात कोंबल्या. सरकेनात तेव्हा बायकोचा पावडरचा डबा अर्धा ओतला. (त्याचा हिशेब घरात अजून चालू आहे.) मी म्हणालो, "दादा, तिन्ही एकत्र नको, एकमेकींना तापवतील."

शेजारचे आबा आमचीच बादली पालथी घालून, आमचाच चहा पीत बसले होते. तिसरा.

"कामून तापतील?"

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकी! खडू नव्हता, कोळशानं भिंतीवर मांडलं. "आबा, तक्त्यात ३० अंशाला एकट्या जोडीला २४ अँपिअर झेपतात. पत्र्याखाली ५० अंश धरा, गुणिले ०.७१. पाईपात तीन जोड्या, गुणिले ०.७०. राहिले १२."

"आन् बाकीचे १२ कुठं गेले? ह्यानं खाल्ले?" आबांनी वायरमनकडं बोट केलं. वायरमन शपथ घ्यायच्या बेतात.

"गेले नाहीत हो, झेपतच नाहीत!"

"३० अंश? परभणीत? जगात जर्मनी, भारतात परभणी! तुमचा तक्ता जर्मनीचा असंल सर, हितं चालायचा न्हाई."

नेमकं हेच मी दहा मिनिटं सांगत होतो! पण आबांनी ते मलाच खोडून काढायला वापरलं, आणि दारातल्या दूधवाल्याला ओरडून सांगितलं, "ऐकलं का, सरांच्या वायरीला ऊन लागायलंय!"

मग तोडगाही त्यांचाच. "गर्दी व्हायलीय ना? फेज एका पाईपात, न्यूट्रल दुसऱ्यात. भांडणच मिटलं." वायरमन लगेच उठला. मी आडवा आलो. लोखंडी पाईपात वीज नेणारी फेज आणि परत आणणारी न्यूट्रल सोबत असली तरच त्यांची चुंबकीय ओढ एकमेकींना मारते. वेगळ्या केल्या की पाईपच तापतो. आबा म्हणाले, "म्हंजी सोबत ठिवलं तरी तापतं, येगळं केलं तरी तापतं. मग काढून टाका की!"

पाईपाला अर्थिंग कुठंय, हे विचारल्यावर वायरमन शांतपणे म्हणाला, "पाईप भिंतीत हाय, भिंत जमिनीत हाय."

खरं सांगतो, आबांचा राग नाही. राग याचा, की पैसे मी मोजतोय आणि वायरमन मान आबांकडं बघून हलवतोय. वर म्हणतो, "एमसीबी पडायली तर ३२ ची टाकून देऊ." एमसीबी म्हणजे वायरीवर जास्त भार आला की वीज तोडणारा राखणदार. १२ झेपणाऱ्या वायरीवर ३२ चा राखणदार! वायर जळेल, राखणदार घोरत पडेल. गावात किती घरांत हा असा झोपलाय कोण जाणे, आणि उन्हाळ्यात बोर्डातून धूर आला की व्होल्टेजच्या नावानं शिमगा.

शेवटी दोन पाईप वाढले, एसीला चारची जाड वायर आली, अर्थिंग झालं. पैसे गेले ते गेलेच. आबांनी गल्लीत सांगितलं, "सरांनी वायरीला सवता संसार थाटून दिला."

आज सकाळी किराणावाल्यानं साखर मोजता मोजता विचारलं, "सर, वायरीची तब्येत कशी हाय?"

मी "बरी आहे" म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं, मी खरंच उत्तर दिलं होतं.