कुंडी फेकू नका, बी काढून घ्या

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या नर्सरीतून नेलेलं दवबिंदूचं, म्हणजे किडे खाणारं, रोप फुलून गेल्यावर काळं पडलं, आम्ही खत घालू दिलं नाही म्हणून ते उपाशी मेलं, आणि कास पठारावरचं रोप मागितलं तर आम्ही सरळ नाही म्हणालो, अशा तुमच्या तक्रारी आहेत. पैसेही परत मागितलेत.

आधी एक विनंती. कुंडी अजून फेकली नसेल तर फेकू नका. तुमच्या फोटोत काळ्या पानांच्या मधोमध एक वाळकी काडी उभी दिसते. तिच्यावरची तपकिरी बोंडं पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. खसखशीहून बारीक, काळं बी पडेल. तुम्ही नेलेलं रोप दवबिंदूच्या ड्रोसेरा बर्मानी या जातीचं. ते बहुतेक वेळा एकाच हंगामाचं असतं: फुलतं, बी धरतं आणि वाळतं. सोबतच्या चिठ्ठीत आम्ही तसं लिहून देतो. त्याची पांढरी फुलं ऊन आलं की उघडतात, काही तासांत मिटतात आणि आपलं परागण आपणच उरकतात. म्हणून घरात एकच रोप असूनही बी धरलं. बोंडं भरेपर्यंत ते टिकलं, म्हणजे ऊन-पाणी तुम्ही छान सांभाळलंत.

हे बी पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि वाळूच्या ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरा. वर माती लोटू नका, उगवायला उजेड लागतो. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवा. पाणी पावसाचं किंवा आरओचंच घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार या रोपांना सोसत नाहीत.

खताचंही तसंच. ही रोपं निकस, ओल्या जागी वाढतात. जमिनीत नसलेलं नत्र ती पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेल्या किड्यांतून मिळवतात. चिलट बसलं की बर्मानीच्या पानाच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात, तुम्ही पाहिलं असेलच. शेणखत घातलं असतं तर मुळं जळाली असती आणि फूल दिसलंच नसतं.

कासच्या रोपाला मात्र यापुढेही आमचं उत्तर नाही असंच राहील. 2012 पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत असलेल्या त्या पठारावर जांभ्या कातळावरच्या जेमतेम मातीत ही रोपं पावसाळ्यात तग धरतात. तिथून रोप उपटायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आम्ही आणलं नसतं. बी धरण्याआधी एक रोप उपटलं की पुढच्या पावसातली त्याची सगळी पिल्लं गेली. आमची रोपं आम्ही नर्सरीतच बियांपासून तयार करतो.

रोपाने आपला हंगाम पुरा केला, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. पण बी उगवलं नाही तर मिश्रण भरलेली कुंडी आणि आमच्याकडचं बी विनामूल्य घेऊन जा. अनेक वर्षं टिकणारं रोप हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं दवबिंदू, ड्रोसेरा कॅपेन्सिस, बघा. त्याला गुलाबी फुलं येतात.

येताना ती काडी कागदात गुंडाळून आणलीत तर पहिली पेरणी आम्हीच करून दाखवू. मंगळवारी नर्सरी बंद असते.