‘शुगर हा आजारच नाही’ या संदेशाला उत्तर

मधुमेहाविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, परंतु सांगणे तेच असते. शुगर हा आजारच नाही. औषध कंपन्यांनी १९९७ साली साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसांना रोगी ठरवले. आपले आजे-पणजे पुरणपोळ्या खाऊन ऐंशी वर्षे जगले, त्यांना कुठे होता मधुमेह. साखर विष आहे, पण गूळ आणि मध चालतो. गोळ्यांनी किडनी जाते, इन्सुलिनची सवय लागते. अमुक काढा घेतला की तीस दिवसांत सुटका होते. आणि घराण्यातच असेल तर शुगर येणारच, मग तपासण्या करून पैसे का घालवायचे?

माझ्या आजीला मधुमेह होता आणि आईला तो अकरा वर्षांपासून आहे. हा मजकूर वाचून आईने गोळ्या बंद केल्या आणि गुळाचा चहा सुरू केला. आम्हाला चार महिने पत्ता लागला नाही. एका संध्याकाळी ती देवळातून परतली तेव्हा ओट्यापर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते. चपलेचा खिळा टाचेत घुसला होता आणि ते तिला आमच्याकडून कळले. पुढे डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला सात-आठ ठिकाणी टेकवला आणि दर वेळी ‘कळतंय का?’ असे विचारले. शेवटी आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, सुरू करा ना आता.’’ त्यांची तपासणी तेव्हा संपत आली होती. पायाचा तो बधिरपणा चार महिन्यांत आला नव्हता, आधीच्या वर्षांमध्ये तो हळूहळू साचत गेला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जखम भरायला जे नऊ आठवडे लागले, त्यांत त्या चार महिन्यांचा वाटा होता. म्हणून या मजकुरातील एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावे असे मला वाटले.

पहिला मुद्दा आकड्यांचा. त्यातला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. उपाशीपोटीच्या साखरेची निदानाची मर्यादा १९९७ साली १४० वरून १२६ वर आली हे खरे आहे. ती का आली, हे मात्र मजकुरात नसते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि ही खूण डॉक्टरला प्रत्यक्ष पाहता येते. अमेरिकेतील पिमा आदिवासी, ईजिप्तमधील लोक आणि अमेरिकेची सर्वसाधारण लोकसंख्या अशा तीन ठिकाणच्या पाहण्यांत साखरेच्या कोणत्या पातळीपासून पडद्याचा हा बिघाड एकदम वाढू लागतो, हे तपासण्यात आले. शिवाय ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी साखर २०० च्या वर जाणाऱ्या अनेकांची उपाशीपोटीची साखर १४० च्या खालीच असे, म्हणजे जुन्या आकड्याने ही माणसे निसटून जात होती. १२६ ही रेषा या दोन कारणांनी आखली गेली. मर्यादा नेहमी कंपन्यांच्या सोयीने खालीच सरकते, असे मानणाऱ्यांनी २००८ साल आठवावे. अमेरिकेत आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक मधुमेहींवर चाललेल्या ‘अकॉर्ड’ या चाचणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी, ती टक्क्यांत मोजतात) औषधांच्या जोरावर सहा टक्क्यांच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असे दिसले, आणि तो प्रयोग त्या वर्षी फेब्रुवारीत मुदतीआधीच थांबवण्यात आला. तेव्हापासून वयस्कर आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर सरासरी साडेसात-आठपर्यंतही चालवून घेतात, म्हणजे तिथे औषध कमी दिले जाते. कंपन्या नफा कमावतात आणि नवी औषधे महाग आहेत, ही तक्रार रास्त आहे आणि ती मीही करतो; परंतु तक्रार किमतीची असेल तर ती किमतीविरुद्ध करावी, आजार नाकारून करू नये. बहुतेक रुग्णांना सर्वांत आधी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी १९५७ पासून वापरात आहे, तिच्यावर कोणाचेही पेटंट उरलेले नाही आणि ती आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

दुसरा मुद्दा आजे-पणज्यांचा. मधुमेह पूर्वी नव्हता म्हणणाऱ्यांनी सुश्रुताला विसरू नये. प्रमेह दोन प्रकारचा असतो, एक सहज म्हणजे आईबापांच्या बीजातून आलेला आणि दुसरा अपथ्यातून ओढवलेला, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितले आहे. घराण्याचा आणि राहणीचा असे दोन्ही धागे आपल्याकडे इतक्या पूर्वी ओळखले गेले होते. पणजोबा पुरणपोळी खात, हे खरेच. पण ती होळीला आणि पोळ्याला खात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेवर उभे राहत. त्यांच्या रक्तातली साखर त्या काळी कोणी मोजली नव्हती, तेव्हा त्यांना मधुमेह नव्हता, असे छातीठोकपणे सांगण्याचा आधारही आपल्यापाशी नाही.

याच ठिकाणी पुण्यात झालेल्या कामाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण ‘आमच्याकडे सगळे सडपातळ, आम्हाला काय होणार’ हे वाक्य याच मजकुराच्या पाठोपाठ ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. तरीही स्नायू आणि आतील अवयव जितके कमी भरले, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या देहात चरबीचे प्रमाण जास्त, ही गोष्ट आपल्याकडे पाळण्यापासून असते. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी वजनापेक्षा कंबर मोजणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर इतकी खाली धरतात.

गुळाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गूळ म्हणजे उसाचा आटवलेला रस, आणि त्याचा मोठा भाग साखरेत असते तेच सुक्रोज असतो. त्यात लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण चहातल्या खड्याबरोबर ते नगण्य प्रमाणात पोटात जातात, आणि रक्तातली साखर साखरेच्या चहासारखीच वाढते. मधाचेही तेच.

गोळ्यांनी किडनी जाते, हा मुद्दा सर्वांत घातक आहे. त्यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट झालेली आहे. किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर आणि तिच्या जोडीने येणारा रक्तदाब. किडनीची गाळण्याची क्षमता बरीच घटली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा थांबवतात, कारण ती मूत्रावाटे बाहेर पडते आणि तेव्हा शरीरात साचू शकते. घरच्यांच्या लक्षात एवढेच राहते की डॉक्टरांनी किडनीसाठी गोळी बंद केली, आणि त्यावरून गोळीनेच किडनी गेली असा निष्कर्ष निघतो. इन्सुलिनचेही असेच झाले आहे. आपल्याकडे इन्सुलिन इतके लांबवले जाते की ते सुरू होईपर्यंत पाय, डोळे, किडनी यांपैकी काहीतरी गेलेले असते, मग दोष सुईवर येतो. सवय लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण इन्सुलिन हे शरीराचेच द्रव्य आहे आणि ते बनवणाऱ्या पेशी थकल्या की बाहेरून द्यावे लागते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला ते टोचले गेले, तोपर्यंत अशी मुले उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते. गोळ्या आणि इन्सुलिन यांनी अवयव वाचतात याचा पुरावा ब्रिटनमधील ५,१०२ नव्या मधुमेहींच्या दीर्घ अभ्यासातून १९९८ साली पुढे आला. ज्यांची साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळे आणि किडनी यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी झाले.

तीस दिवसांच्या काढ्याविषयी सांगायचे तर मधुमेह मागे हटू शकतो, ही गोष्ट वैद्यकाने स्वतःच दाखवून दिली आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत, आजार होऊन सहा वर्षांपेक्षा अधिक काळ न लोटलेल्या जड वजनाच्या रुग्णांना काही महिने अत्यंत मोजका आहार दिला गेला, आणि वर्षअखेर त्यांतील ४६ टक्क्यांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ टक्के उरले. तिथे गोळ्या पहिल्या दिवशी बंद झाल्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सतत मोजमाप करत. तिथे पंधरा-पंधरा किलो वजन उतरवलेले लोक होते. आणि ज्यांची साखर उतरली त्यांनाही दरवर्षी तपासणी चुकलेली नाही. कारल्याचा रस पिऊन मनाने गोळ्या सोडणे आणि हे, यांची तुलना होऊ शकत नाही.

शेवटचा मुद्दा घराण्याचा, आणि तो माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. घराण्यातून मधुमेह येतो, यात शंका नाही. टीसीएफ७एल२ या जनुकाच्या एका रूपाने धोका वाढतो हे २००६ साली आइसलँडमध्ये आढळले आणि पुढच्याच वर्षी भारतीयांमध्येही त्याची खात्री पटली. पण अशी जनुके शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले एकेक थोडेसेच वजन टाकते. धोका वाढतो म्हणजे आजार ठरलेला असतो, असे नव्हे. चेन्नईमध्ये ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांना चालणे आणि आहार यांबाबत सातत्याने मार्गदर्शन मिळाल्यावर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. शून्यावर आला नाही, हे मान्य. पण ‘येणारच’ या शब्दापुढे हा आकडा ठेवून पाहावा. हा प्रश्न काही मोजक्या घराण्यांचाही राहिलेला नाही. २०२३ साली जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे लोक आहेत, आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आहे.

चेन्नईतच तयार झालेला एक साधा तक्ता आहे, ज्यात कोणतीही सुई न टोचता १०० पैकी गुण मोजतात आणि ६० किंवा अधिक झाले तर धोका जास्त समजतात. त्यात आईवडील दोघांनाही मधुमेह असला तरी घराण्याचे गुण २० च मिळतात, एकाला असेल तर १०; बैठे काम आणि व्यायामाचा अभाव यांचे मात्र ३० असतात. आईची टाच भरत आली त्या आठवड्यात मी माझ्या धाकट्या भावाचे गुण काढले, कारण ‘आपल्याला होणारच’ हे तोच सर्वांत मोठ्याने म्हणत असे. वय ४१, म्हणून २०. कंबर ९६ सेंटिमीटर, म्हणून १०. दिवसभर खुर्ची आणि व्यायाम नाही, म्हणून ३०. आणि आईचे १०. बेरीज ७० झाली. मग आम्ही दुसरी बेरीज केली. रोज नियमाने चालायला लागल्यास तिसाचे वीस होतात, कंबर ९० च्या आत आल्यास दहाचे शून्य, आणि एकूण ५० उरतात. आईचे १० दोन्ही बेरजांत तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी तो उपाशीपोटी रक्त देऊन आला. साखर ११२ निघाली, म्हणजे उंबरठ्यावर, आणि अजून आतल्या बाजूला नाही.