आर्बसने फोटो चोरून काढले नाहीत

अमेरिकन छायाचित्रकार डीअ‍ॅन आर्बसवरच्या लेखातलं 'आर्बसने लोकांच्या व्यंगाचा तमाशा मांडला' हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. तिने 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काढलेला फोटो नीट बघा. काठी टेकून वाकलेला, असाधारण उंचीचा धिप्पाड एडी कार्मेल, आणि मान वर करून आपल्या लेकाकडे बघणारे आईवडील. कार्मेलशी तिची ओळख तेव्हा जवळपास दहा वर्षांची होती. तमाशा मांडणाऱ्याला एवढा धीर कुठला?

शिवाय ती रोलायफ्लेक्ससारखे दोन लेन्सचे कॅमेरे वापरायची. असा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं असतं, त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही. वडिलांच्या तशाच जुन्या यशिका कॅमेऱ्यावर मी जत्रेत जोगत्यांचे फोटो काढते. मोबाइल समोर धरला की ते ताठ होतात; यशिका हातात असला की गप्पा चालू राहतात, मध्येच कुणी गजरा सारखा करतं.

आक्षेप घ्यायचाच तर तिच्या 1962 च्या, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हातात खेळण्यातला हातबाँब धरलेल्या मुलाच्या फोटोवर घ्या. त्याच रोलवर तो हसतानाही आहे, आणि तिने निवडला तो वेडावाकडा चेहरा. ही निवड खरंच बोचते. लेखात या निवडीचा उल्लेखच नाही.